जुने स्पीकर बदलावेत काय?



सोयाबीन बाजारात जाते, चार पैसे हाती खेळू लागतात, आणि दिवाळीच्या सुमारास वाशीम, कारंजा, रिसोडच्या पेठेत विजेच्या सामानाच्या दुकानांपुढे गर्दी होते. अशा वेळी कित्येक घरांत एक वाद निघतो. बैठकीच्या खोलीत भिंतीशी दोन उंच लाकडी पेट्या उभ्या असतात. वडिलांनी पंचवीस-तीस वर्षांमागे हौसेने आणलेले ते स्टिरिओचे स्पीकर. थोरला मुलगा म्हणतो, "आवाज बसला बाप्पा, आता नवे आणू." वडील म्हणतात, "वाजतात ना? मग काहून बदलायचे?" आणि आई म्हणते, आधी पोरीच्या वसतिगृहाचे पैसे भरा, मग काय वाजवायचे ते वाजवा. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असते. निवाडा करायचा तर आवाज बसला म्हणजे नेमके काय झाले, हे आधी पाहिले पाहिजे.

स्पीकरच्या पोटात काय असते? एक लोहचुंबक, त्याच्या फटीत बसवलेले तारेचे बारीक वेटोळे, आणि त्या वेटोळ्याला चिकटवलेला कागदाचा शंकू. वेटोळ्यातून वीज उलटसुलट वाहू लागली की शंकू मागेपुढे हलतो, हवा हलते, आणि आपल्याला गाणे ऐकू येते. राइस आणि केलॉग या दोन अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ साली या जातीच्या स्पीकरचे वर्णन प्रसिद्ध केले. आज दुकानात मिळणारे बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात. सांगायचे ते असे, की दहा वर्षांचा मोबाईल जसा जुना होतो तसा स्पीकर जुना होत नाही. चांगल्या घडणीची पेटी तीस वर्षांनीही चांगलीच वाजू शकते.

पण तिचे काही भाग मात्र खरोखर म्हातारे होतात. मोठ्या शंकूच्या, म्हणजे वूफरच्या कडेला मऊ कंकण असते. ते फोमचे असेल तर पंधरा-वीस वर्षांत त्याचा भुगा होऊ लागतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर तो लवकरच होतो. रबराचे कंकण अधिक टिकते. जाळी काढून बोट लावून पाहा. कंकण फाटलेले असेल तर आवाज फाटका येणारच, आणि त्यासाठी सबंध जोडी बदलणे म्हणजे धाव झिजली म्हणून बैलगाडी विकणे झाले. नवे कंकण बसवून देणारे कारागीर मोठ्या शहरांत मिळतात. कंकण शाबूत असेल तर दोन्ही हातांची बोटे शंकूवर सारख्या अंतराने ठेवून तो अलगद आत दाबा. खरखर लागली तर वेटोळे घासते आहे असे समजा. आवाज वेगवेगळ्या शंकूंकडे वाटून देणारी एक लहान जोडणीही आत असते. तिच्यातले कपॅसिटर वर्षानुवर्षांनी सुकतात आणि बारीक आवाज मंदावतो. तेही थोडक्या खर्चात बदलता येतात.

आणखी एक तपासणी करा. ती शाळेत गुरुजींनी मुलांकडूनही करून घ्यावी. ॲम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या तारा मोकळ्या करा. घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल घेऊन त्याचे टोपीचे टोक लाल खुणेला आणि बूड काळ्या खुणेला क्षणभर टेकवा. "धप्" असा आवाज होऊन वूफर बाहेर उसळेल. दुसऱ्या पेटीचाही बाहेरच उसळला पाहिजे. तो आत गेला तर आतली जोडणी उलटी आहे. दोन्ही ठीक असतील, तर बाहेरच्या तारा लाल खुणेला लाल आणि काळीला काळी अशाच लागल्या आहेत ना, हे पाहा. एका पेटीच्या तारा उलट्या लागल्या की एक शंकू हवा पुढे ढकलतो त्याच वेळी दुसरा मागे ओढतो, आणि खर्जाचा आवाज जिथल्या तिथे मरतो. घर रंगवताना तारा सुटल्या, कोणीतरी घाईत परत लावल्या आणि तेव्हापासून आवाज बसला, असे पुष्कळदा घडते. हा दोष काढायला एक पैसाही पडत नाही.

पेट्या ठाकठीक निघाल्या तर मग खोलीकडे पाहा. या गोष्टीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ इथेच असते.

आपली जुनी घरे मातीच्या जाड भिंतींची, वर कवेलू, खाली शेणाने सारवलेली जमीन. कोपऱ्यात ज्वारीची पोती, दोरीवर गोधड्या. कापसाच्या दिवसांत तर एखादी खोली कापसानेच भरलेली असे. ज्याने त्या खोलीत उभे राहून हाक मारली असेल त्याला ठाऊक आहे की हाक तोंडातून निघते आणि तिथेच विरते. कापसासारखा आवाज पिणारा पदार्थ दुसरा क्वचितच सापडेल. आता त्या जागी स्लॅबचे घर आले. सिमेंटच्या गुळगुळीत भिंती, खाली चकचकीत फरशी. स्पीकर तेच, गाणे तेच, पण आवाज भिंतीवर आपटून पुन्हा पुन्हा कानी येतो आणि शब्दांची कालवाकालव होते. मग दोष कुणाचा? मोकळ्या खोलीत एक टाळी वाजवा. टाळीला शेपूट फुटल्यासारखे वाटले तर नव्या स्पीकरची नव्हे, सतरंजीची गरज आहे. खाली सतरंजी अंथरा, स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर जाड गोधडी टांगा, खिडकीला पडदा लावा. लोखंडी कपाटाची दारे आणि छपराचे टिनपत्रे खर्जाबरोबर थरथरतात, त्यांचाही बंदोबस्त करा. मग पुन्हा ऐका.

खोलीच्या मापाचाही एक खेळ आहे. दहा फूट लांब, दहा रुंद आणि दहा उंच, अशा खोल्या आपण हौसेने बांधतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४४ मीटर धावतो. दहा फूट म्हणजे तीन मीटरांहून थोडे अधिक. हिशेब केला तर सेकंदाला ५६ कंपनांच्या आसपासचा खर्ज त्या दोन भिंतींमध्ये नेमका बसतो आणि घुमू लागतो. तिन्ही मापे सारखी असली की तिन्ही बाजूंनी तोच स्वर घुमतो. नगारा वाजला की एकच "घूं" होते, बाकीचे ताल त्यात बुडून जातात. पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेत उघड्यावर ऐकलेला नगारा असा बुडत नाही, कारण तिथे भिंतीच नसतात. गंमत अशी की याच स्वराला खोलीच्या मधोमध जवळजवळ आवाज नसतो आणि भिंतीला टेकून बसले की तो छातीवर येतो. मोबाईलवरून स्पीकरला हा एकच स्वर सतत द्या आणि खोलीभर फिरून पाहा, मुलांना भौतिकशास्त्राचा धडा आयता मिळेल. मोबाईलच्या स्वतःच्या पोटातून मात्र इतका खर्ज निघत नाही, हे ध्यानात असू द्या.

म्हणून पेट्या कोपऱ्यात कोंबू नका. मागच्या भिंतीपासून हात-दीड हात पुढे आणा आणि घुमारा कमी होईपर्यंत वीतभर मागेपुढे सरकवा. दोन पेट्यांतले अंतर जेवढे, तेवढेच अंतर त्यांच्यापासून तुमच्या बसण्याच्या जागेपर्यंत असावे. बैठकीत येण्याजाण्याची अडचण होईल, आई रागावेल. पण दोन दिवस तरी करून पाहा.

यानंतर एक नाजूक गोष्ट. घरातले आजोबा म्हणू लागले, "बातम्या नीट समजत नाहीत, आवाज येतो पण बोल कळत नाही," तर स्पीकरला बोल लावण्याआधी आजोबांचे कान तपासून घ्या. वयानुसार कानाची शक्ती कमी होते ती आधी उंच स्वरांकडून. स, श, फ, थ ही व्यंजने त्या उंच भागात असतात, म्हणून 'सात' आणि 'हात' सारखेच वाटू लागतात. आवाज वाढवला की बाकीच्यांचे कान किटतात आणि आजोबांना तरीही बोल कळत नाही. त्यांच्यापुरते सांगायचे तर स्पीकरचे पैसे कानाच्या यंत्राला लावावेत. हट्टाने नको म्हणतील, म्हणून हे हळू घ्यावे लागते.

तुम्ही ऐकता काय, तेही विचारात घ्या. मध्यम लहरींच्या रेडिओवर सेकंदाला पाच हजार कंपनांच्या आसपास आवाजाची मर्यादा संपते, एफ.एम.वर ती पंधरा हजारांपर्यंत जाते. 'गीतरामायण' पुणे केंद्रावरून १९५५-५६ साली पहिल्यांदा प्रसारित झाले, तेव्हा ध्वनिमुद्रण एकाच मार्गाचे होते, डावे-उजवे नव्हते. अशा जुन्या मुद्रणात जे नाहीच ते कितीही महाग पेटी कुठून आणणार? उलट अलीकडचे चांगले मुद्रण असेल, तर तबल्याच्या शाईची करामत चांगल्या स्पीकरवरच उलगडते. शाईमुळे तबल्याचे उपस्वर सुरात बसतात, हे सर सी. व्ही. रामन यांनी १९२० साली दाखवून दिले होते. तो सूर जुन्या पेटीवर नुसता 'टक्' असा ऐकू येत असेल, तर बदलण्याला खरे कारण आहे असे मी म्हणेन.

बाजारात गेलात तर आकड्यांना भुलू नका. पी.एम.पी.ओ. या अक्षरांपुढे हजारो वॅट छापलेले असतात, त्यांना काही अर्थ नाही. आर.एम.एस. वॅट विचारा. तेही दुप्पट केले तर आवाज वाढतो अवघा तीन डेसिबल, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतका. दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते. त्यापेक्षा एक वॅटला एक मीटरवर किती डेसिबल, हा आकडा पाहा. ८६ च्या जागी ८९ असेल तर ॲम्प्लिफायर दुप्पट केल्यासारखेच झाले. ओहमचा आकडा आपल्या ॲम्प्लिफायरला चालतो ना, हेही पाहा.

आणि डोळे मिटून ऐका. हे मी थट्टेने म्हणत नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिशास्त्रज्ञांनी १९९४ साली दाखवून दिले, की स्पीकर डोळ्यांना दिसत असला तर ऐकणाऱ्याचा कौल बदलतो. मोठी, रुबाबदार पेटी दिसली की ती अधिक गोड वाटते. पडद्याआड ठेवली की कौल फिरतो. दोन जोड्या ताडून पाहताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला बरा वाटतो, आणि दुकानदार हे जाणून असतो. गाणे त्याचे ऐकू नका, घरून आपले घेऊन जा. त्यात एखाद्याचे साधे बोलणेही असू द्या. माणसाचा आवाज आपल्याला जन्मापासून ओळखीचा, त्यात खोट असली तर लगेच कळते.

गुरुजींसाठी दोन शब्द. घरचे असे उंच स्पीकर स्नेहसंमेलनाला मैदानात नेऊ नका. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. एक मीटरवर ९० असलेला आवाज सोळा मीटरवर ६६ राहतो, आणि पोरांचा गलबला त्याला गिळून टाकतो. मग आपण तो वाढवत जातो, ॲम्प्लिफायर त्याच्या शक्तीबाहेर जातो आणि बारीक आवाजाचा ट्विटर जळतो. मैदानाला कर्णेच हवेत, आणि रात्री दहानंतर तेही बंद. वर्गात मात्र हे स्पीकर कामाला येतात. १९५६ साली पुणे केंद्राने शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला, तेव्हा सुमारे दीडशे गावांत वीसेक माणसे एका रेडिओभोवती बसत आणि ऐकून झाल्यावर चर्चा करीत. तिथे खणखणीत आवाजापेक्षा प्रत्येकाला शब्द कळणे महत्त्वाचे होते. वर्गाचे गणित तेच आहे.

एवढे सगळे करून, पंधरवडाभर ऐकून, तरीही मन भरले नाही तर नवी जोडी खुशाल घ्या. शक्यतो दोन दिवस घरी लावून पाहण्याच्या बोलीवर घ्या. दुकानातली खोली वेगळी, तुमची वेगळी. जुन्या पेट्या भंगारात घालण्याआधी गावातल्या शाळेला किंवा वाचनालयाला विचारा. आणि पोरीचे वसतिगृहाचे पैसे त्या आधीच भरलेले असू द्या.