आराखडा आला, पण ३८० वर्षांनी

लाकडी जहाजांच्या गोष्टी : लेखांक ९

स्टॉकहोमच्या वासा संग्रहालयात वर्षातून दोनदा काही माणसं तिपाईवरचं एक यंत्र घेऊन जहाजाभोवती फिरतात. रस्त्याचं काम निघण्याआधी सर्व्हेवाले लावतात तेच हे टोटल स्टेशन. जहाजाच्या अंगावर शेकडो ठिकाणी खुणा पक्क्या बसवलेल्या आहेत. यंत्रातून लेझरचा किरण सुटतो, खुणेवर आपटून परत येतो आणि त्या खुणेची नेमकी जागा नोंदली जाते. मग हे आकडे मागच्या खेपेच्या आकड्यांशी ताडून पाहतात. २००० सालापासून हे चाललं आहे आणि उत्तर दर वेळी तेच येतं: जहाज हलतं आहे. वर्षाला साधारण एक मिलिमीटर.

मागच्या आठवड्यात आपण जहाज वर आलं तिथे थांबलो होतो. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. स्वीडनचा राजा दुसरा गुस्ताव अडॉल्फ याची ही ६४ तोफांची युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीवर निघाली, जेमतेम १,३०० मीटर गेली आणि वाऱ्याच्या झोताने कलंडून ३२ मीटर खोल पाण्यात बसली. बाल्टिकचं पाणी फारसं खारट नसल्यामुळे लाकूड पोखरणारी समुद्री कीड तिथे जगत नाही. म्हणून २४ एप्रिल १९६१ला, ३३३ वर्षांनी, ती जवळजवळ सबंध वर आली. 'वासा' हे नाव ऐकून आपल्याला घराचा वासा आठवतो, पण हे नाव तिथल्या राजघराण्याचं. त्या घराण्याच्या चिन्हात धान्याची पेंढी आहे.

आता आजचा विषय. इतकं मोठं जहाज सबंध हाती आलं, पण त्याचा आराखडा कुणाकडेच नव्हता. हरवला नव्हता, जळला नव्हता. तो कधी काढलाच गेला नव्हता. जहाज बांधणारा हेन्रिक हिबर्टसन डच परंपरेतला उस्ताद होता. या परंपरेत कागद नव्हता. कण्याची लांबी ठरली की तिच्या प्रमाणात रुंदी किती, खोली किती, हे ठोकताळे डोक्यात असत. आधी तळाच्या फळ्या जुळवायच्या, मग त्यात बरगड्या बसवायच्या, आणि नजरेला घाट पटला की पुढे जायचं. आपल्या कोकणात होड्या बांधणाऱ्या सुतारांना ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही. १६२७मध्ये, जहाज अर्धवट असताना हिबर्टसन वारला आणि सगळे ठोकताळे त्याच्याबरोबर गेले. पुढचं काम त्याच्या सहकाऱ्याने, हाइन याकोबसनने पुरं केलं.

जहाजाबरोबर हजारो सुटे लाकडी तुकडेही सापडले. त्यांत जवळपास ७०० कोरीव मूर्ती होत्या. खिळे गंजून गेलेले आणि कोणता तुकडा कुठला हे सांगणारा कागद नाही. जाणकारांनी खिळ्यांची भोकं जुळवून आणि लाकडाची झीज पाहून ते एकेक करून जागेवर बसवले. जहाज पुन्हा उभं राहिलं, तरी त्याचं नेमकं चित्र अजून नव्हतं. ते काढायला या शतकाचं पहिलं दशक सरावं लागलं.

हे चित्र कसं काढलं ते जरा सावकाश पाहू, कारण 'डिजिटल मॉडेल' म्हटलं की डोळ्यांपुढे पडद्यावर फिरणारं सुंदर जहाज येतं. वासाचं मॉडेल तसं नाही. फ्रेड हॉकर हे संग्रहालयाचे संशोधनप्रमुख. त्यांच्या चमूने जहाजाचं प्रत्येक लाकूड वेगळं मोजलं. फळी असो, बरगडी असो की तुळई, तिच्या कडा टोटल स्टेशनने बिंदू-बिंदूने टिपायच्या, तिचे जोड, भोकं, खिळे नोंदवायचे आणि संगणकात तिला स्वतंत्र आकार द्यायचा. असे आकार एकमेकांत बसवत गेलं की जहाज बनतं, जवळजवळ जसं गोदीत बनलं होतं तसंच. नुसतं लेझर स्कॅन केलं तर जहाजाची कातडी मिळते. दोन फळ्यांच्या आड बरगडी किती जाड आहे, ती कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हे कातडीवरून कळत नाही. त्यासाठी माणसाला अंधाऱ्या पोटात, गुडघ्यांवर, यंत्राला दिसेल असा कोपरा शोधत बसावं लागतं. मला या कामाबद्दल फार आदर वाटतो.

मोजणीतून पहिली गोष्ट उघड झाली ती अशी की जहाज दोन्ही बाजूंना सारखं नाही. डावीकडची बांधणी उजवीकडच्यापेक्षा जाड आहे. जहाजावर सुतारांच्या चार मोजपट्ट्याही सापडल्या. त्यांतल्या दोन स्वीडिश फुटाच्या होत्या, बारा इंचांच्या. दोन ॲम्स्टरडॅम फुटाच्या होत्या, आणि त्या फुटात इंच अकराच. गोदीत डच आणि स्वीडिश कारागीर एकत्र राबत होते. 'एवढे फूट, एवढे इंच' असा एकच हुकूम दोघांनी ऐकला, तरी त्यांच्या हातून दोन वेगळी मापं उतरणार.

अशा मॉडेलला प्रश्न विचारता येतात, आणि सगळ्यात जुना प्रश्न अर्थातच हा: जहाज बुडालं का? तीनशे वर्षं याचं एक सोपं उत्तर चालत आलं. राजाने हट्टाने तोफांचा दुसरा मजला चढवला, वरचं वजन वाढलं आणि जहाज कलंडलं. हे तपासायचं तर जहाजाचं वजन हवं, आणि ते वजन कुठे किती आहे हेही हवं. प्रत्येक लाकडाचा आकार मॉडेलमध्ये आहे, म्हणजे घनफळ आहे. ओकच्या घनतेने त्याला गुणलं की वजन मिळतं. त्यात तोफा, दोर, शिडं, माणसं आणि तळाशी भरलेला दगडांचा नीरम मिळवला की साऱ्या भाराचा मध्यबिंदू काढता येतो. कडबा उंच रचलेली बैलगाडी चाक खड्ड्यात जाताच का झुकते, हे गावात वाढलेल्या कुणालाही माहीत असतं. जहाजाचंही तसंच, फक्त इथे चाकांच्या जागी पाणी असतं. भाराचा मध्य जितका वर, तितकं झुकल्यावर परत सरळ होणं अवघड.

हिशेब झाला तेव्हा तोफांवरचा आरोप बराच सैल पडला. साऱ्या तोफांचं वजन ७० टनांच्या आसपास होतं. निघताना जहाज भरलं होतं सुमारे १,२०० टन. खरा दोष पाण्यावरच्या लाकडी बांधणीत होता. वरच्या मजल्यांच्या तुळया आणि फळ्या गरजेपेक्षा जाड होत्या, मजले उंच होते आणि त्या मानाने पाण्याखालचा भाग लहान होता. नीरम वाढवून भागलं असतं का? तळाशी तेवढी जागा नव्हती. शिवाय वजन वाढताच जहाज आणखी खाली बसलं असतं आणि तोफांच्या खालच्या रांगेच्या खिडक्या पाण्याच्या आणखी जवळ आल्या असत्या. त्या दिवशी पाणी शिरलं ते त्याच खिडक्यांतून.

त्या काळच्या लोकांना हे अजिबात कळलं नव्हतं असं मात्र नाही. निघण्याआधी धक्क्यालाच ३० माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवून पाहिलं होतं. तीन फेऱ्यांतच जहाज इतकं डोलायला लागलं की ॲडमिरल फ्लेमिंगने ती चाचणी थांबवली. नंतर चौकशी झाली, पण शिक्षा कुणालाच झाली नाही. आपल्याला आता मॉडेलमधून जे कळतं, त्याची चाहूल त्या तीस माणसांच्या पायांना आधीच लागली होती. मोजायची रीत तेव्हा कुणाकडेच नव्हती.

दुसरा प्रश्न पुढचा आहे, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो: जहाज टिकणार कसं? पाण्यात असताना पाणी जहाजाला सगळीकडून उचलून धरतं. जमिनीवर त्याचं वजन मोजक्या ठिकाणी येतं. वासा पोलादी पाळण्यात उभं आहे, आणि टेकू जिथे टेकतात तिथे लाकूड दबतं आहे. वर्षानुवर्षं भार सोसलेल्या तुळईला बाक येतो, हे जुन्या वाड्यात राहिलेल्यांनी पाहिलं आहे. इथे लाकूडही पूर्वीचं राहिलेलं नाही. ते आकसून तडकू नये म्हणून १९६२पासून १७ वर्षं त्याच्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलची फवारणी केली. त्याने आकार वाचला, पण लाकूड मऊही झालं. मूळ लोखंडी खिळ्यांचा गंज लाकडात मुरला होता, बंदराच्या घाण पाण्यातून गंधक आलं होतं. २०००च्या पावसाळी उन्हाळ्यात संग्रहालयाची हवा दमट झाली आणि जहाजाच्या अंगावर आम्लाचे क्षार फुटले. तेव्हापासून हवा काटेकोर सांभाळली जाते. १९६०च्या दशकात बसवलेले पाच हजारांहून अधिक बोल्ट काढून तिथे न गंजणाऱ्या पोलादाचे बोल्ट घातले गेले. हे काम २०११ ते २०१८ चाललं.

यंत्राची मोजणी सांगते की जहाज हलतं. ते का हलतं, आणि एखादा टेकू हातभर पुढे सरकवला तर काय होईल, हे ती सांगत नाही. हे करून पाहण्यासाठी जगात दुसरं वासा नाही. म्हणून मॉडेलवर करून पाहायचं. स्थापत्य अभियंते धरणासाठी किंवा पुलासाठी जी फायनाइट एलिमेंट पद्धत वापरतात, तीच इथे लावली. जहाजाचे लहान लहान हजारो भाग पाडायचे, प्रत्येकाला लाकडाचा कणखरपणा द्यायचा, मग भार टाकायचा आणि कुठला भाग किती दबतो ते पाहायचं. अडचण अशी की असं म्हातारं, रसायन प्यायलेलं ओक किती कणखर, याचा तक्ता कुठल्याही पुस्तकात नाही. उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी वासाच्या लाकडाचे नमुने दाबून, ओढून पाहिले. जोड किती लवतात हे कळावं म्हणून जहाजाच्या एका तुकड्याची खऱ्या मापाची प्रतिकृती बांधून तिच्यावर जोर लावला. मॉडेलला खरी माहिती दिली तरच ते खरं उत्तर देतं. चकचकीत चित्रांच्या मागे लागून हे कष्ट टाळणारी मॉडेलंही मी पाहिली आहेत. ती पाहायला छान असतात, पण त्यांच्या भरवशावर जहाजाखालचा टेकू हलवता येणार नाही.

इंग्लंडमध्ये पोर्टस्मथच्या सुक्या गोदीत उभ्या असलेल्या 'व्हिक्टरी'ची गोष्ट याच वाटेने गेली. १७६५मध्ये पाण्यात उतरलेलं हे जहाज १९२२पासून त्या गोदीत आहे. त्याचं लेझर स्कॅन झालं, त्यावरून भाराचं गणित मांडलं गेलं आणि जुने मोजके पोलादी पाळणे काढून १३४ सुटे टेकू बसवले. प्रत्येक टेकूवर किती भार आहे ते सतत मोजलं जातं आणि गरजेप्रमाणे तो कमी-जास्त करता येतो. पाण्याचा तो सगळीकडून मिळणारा आधार जमिनीवर उभा करण्याचा हा प्रयत्न आहे. वासासाठीही नव्या पोलादी आधाराचं काम २०२४मध्ये सुरू झालं, आणि जहाजाच्या पोटातही पोलादाचा सांगाडा बसणार आहे.

व्हिक्टरीच्या काळापर्यंत कागद आला होता. आपल्या मुंबईच्या गोदीत १८१७मध्ये जमशेटजी बमनजी वाडियांनी सागवानात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' अजून इंग्लंडच्या हार्टलपूलमध्ये तरंगतं आहे. त्याचा पहिला आराखडा मुंबईला घेऊन निघालेलं 'जावा' हे जहाज १८१२च्या डिसेंबरात अमेरिकनांनी लढाईत नष्ट केलं. इंग्लंडहून दुसरी प्रत यावी लागली. तेवढा उशीर झाला, पण प्रत काढता आली, कारण मूळ कागद लंडनमध्ये होता.

वासाचा कागद नव्हता, पण देह होता. आंग्र्यांच्या आरमारातल्या गुराबा आणि गलबतांचं तसं नाही. फेब्रुवारी १७५६मध्ये विजयदुर्गच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. त्यातलं मोजायला एकही जहाज उरलं नाही. मग त्यांचा घाट आपल्याला कशावरून कळतो? पुढच्या आठवड्यात वाघोटणच्या खाडीत जाऊन, तिथल्या दगडात खोदलेल्या गोदीपासून सुरुवात करू.