सहल, सूटकेस आणि काळा कोट

दोस्तांनो, सुट्टीत कुठे जायचं याची चर्चा घरात सुरू झाली की टेबलावर यात्रा कंपन्यांची रंगीत माहितीपत्रकं येऊन पडतात. तुम्ही त्यात काय बघता? फोटो! बर्फ, हत्ती, समुद्र. या वेळी एक गंमत करा. पत्रक उलटं करा आणि मागच्या पानावरची मुंगीएवढी अक्षरं वाचा. लागलं तर आजोबांचं भिंग घ्या.

आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. केरळच्या सहलीच्या पत्रकात 'एक रात्र हाउसबोटीवर' असं ठळक छापलं होतं आणि पैसेही त्याचेच घेतले होते. प्रत्यक्षात दुपारी दोन तास बोटीतून फिरवलं आणि रात्री एका डास भरलेल्या लॉजवर नेऊन सोडलं. धाकटी बहीण रडून रडून झोपली. बाबा जाब विचारायला गेले, तर सहलीबरोबरच्या माणसाने मागच्या पानावरच्या ओळीवर बोट ठेवलं. 'कार्यक्रमात ऐनवेळी बदल करण्याचा हक्क कंपनीकडे राहील.' बाबा गप्प बसले. पुष्कळ वर्षांनी मला कळलं, की गप्प बसायची काहीच गरज नव्हती. छापलेली ओळ म्हणजे कायदा नव्हे!

हे ज्याला तिथल्या तिथे सांगता येईल, असा माणूस घडवायचा तर त्याला दोन विषय यायला हवेत. एक कायदा आणि दुसरा पर्यटन व्यवस्थापन. ही जोडी ऐकायला श्रीखंडाबरोबर भाकरीसारखी वाटते खरी, पण जरा खोलात शिरलं की दोघांची गाठ पावलोपावली पडते.

दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलातली ही घटना बघा. १ ऑगस्ट १९९८ रोजी रात्री अकराच्या सुमाराला एक पाहुणे आपल्या मारुती झेन गाडीतून तिथे आले. गाडी आणि किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिली, बिल्ला घेतला, आत गेले. एक वाजता बाहेर येऊन बघतात तर गाडी नाही! दुसराच कुणी तरी ती घेऊन पसार झाला होता. बिल्ल्यावर छापलं होतं, की गाडी मालकाच्या जबाबदारीवर ठेवलेली आहे. आपण काय केलं असतं? कपाळावर हात मारून रिक्षाने घरी गेलो असतो. पण हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये निकाल लागला. किल्ली हातात घेतली म्हणजे गाडी सांभाळायची जबाबदारीही घेतली, आपल्या माणसांची हयगय बिल्ल्यावरच्या ओळीने झाकता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. एकवीस वर्षं लागली, हे मात्र खरं. आपल्याकडे न्यायाची गाडी पॅसेंजरच!

दुसरी गोष्ट मनालीजवळची. बियास नदीच्या काठी एक मोटेल होतं. पुराचं पाणी आवारात शिरू लागलं, तेव्हा तिथल्या लोकांनी बुलडोझर लावून चक्क नदीलाच वळवायला घेतलं. वर्तमानपत्रात बातमी आली. ती वाचून सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबर १९९६ मध्ये जमिनीचा भाडेपट्टा रद्द केला. वर, बिघडवलेला परिसर पूर्ववत करण्याचा खर्चही मोटेलने द्यायचा! नदी, किनारा, जंगल यांचं सरकार मालक नाही, जनतेच्या वतीने ते फक्त विश्वस्त आहे, हे तत्त्व आपल्याकडे या निकालाने पक्कं झालं. मोटेल बांधणाऱ्याला पर्यटन येत होतं. नदी म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आता यात नेहमी एक बाजू खलनायक असते, असं समजू नका. जुलै २०१२ मध्ये न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात पर्यटन तात्पुरतं थांबवलं. वाघांना गर्दीचा त्रास होतो हे खरं होतं. पण ताडोब्यासारख्या ठिकाणी गावातली कितीतरी मुलं गाइड आणि जिप्सीचालक म्हणून पोट भरतात. त्यांनी काय करायचं? पावसाळ्यात पर्यटन तसंही जवळपास थांबलेलंच असतं, म्हणून सगळ्यांचं लक्ष दसरा-दिवाळीच्या हंगामाकडे लागलं होतं. अखेर ऑक्टोबरमध्ये नवी नियमावली आली आणि बंदी उठली. गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त २० टक्के भागात पर्यटन चालेल, असं ठरलं. वीसच का? कमी किंवा जास्त का नाही? एखाद्या जागेला किती माणसं झेपतात, हा पर्यटनाच्या अभ्यासातला मोठा विषय. त्याला 'वहनक्षमता' म्हणतात. आणि तो आकडा नियमात कसा बसवायचा, हा कायद्याचा.

मग शिकायचं कुठे? ऑस्ट्रेलिया, स्पेनसारख्या देशांत कायद्याबरोबर दुसरा विषय घेऊन पाच-सहा वर्षांत दोन पदव्या मिळवण्याची पद्धत रुळलेली आहे. आपल्याकडे दोन वाटा आहेत. पहिली, बारावीनंतर पाच वर्षांचा बीबीए एलएलबी. यात व्यवस्थापन आणि कायदा एकत्र असतो. महाराष्ट्रात त्यासाठी राज्याची विधी सीईटी असते, खुल्या गटाला बारावीला किमान ४५ टक्के लागतात. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी 'क्लॅट' ही वेगळी परीक्षा. शाखा कोणतीही चालते, त्यामुळे गणिताला घाबरणाऱ्यांनी हुश्श करायला हरकत नाही.

दुसरी वाट म्हणजे आधी पर्यटनाची तीन वर्षांची पदवी, मग तीन वर्षांचं एलएलबी. एक वर्ष जास्त जातं, पण मला स्वतःला हीच वाट बरी वाटते. पर्यटनाचा पाया नीट होतो. केंद्र सरकारच्या ग्वाल्हेरच्या पर्यटन संस्थेची एक शाखा आपल्या शेजारी गोव्यातही आहे. तिकिटं, खर्चाचा हिशोब, सहलीची आखणी हे सगळं पदवीत शिकवतात. विमानतळांचे तीन अक्षरी कोडही पाठ होतात. शहराचं नाव १९९५ मध्ये मुंबई झालं, कोड मात्र अजून 'बॉम'च आहे बरं का!

पालकांसाठी एक सूचना. दोन्ही पदव्या एकाच वेळी दोन कॉलेजांत उरकून टाकू, असा बेत करू नका. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार कायद्याच्या वर्गाबरोबर दुसरी नियमित पदवी करता येत नाही. दूरशिक्षणाला तिथे मोकळीक आहे, म्हणून इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या पर्यटन अभ्यासक्रमांची चौकशी जरूर करा. आणि कॉलेजला बार कौन्सिलची मान्यता आहे ना, हे फी भरण्याआधी बघा, नंतर नको.

मुलांनो, एक गैरसमजही काढून टाका. या शिक्षणात फुकट फिरायला मिळत नाही. १८७२ चा करार कायदा, १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा, किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम असं जाडजूड वाचन असतं. कंटाळा येतो. पण अजिंठ्याला गेलात आणि दहाव्या लेण्यात १८१९ साली जॉन स्मिथने कोरून ठेवलेलं नाव दिसलं, की तुमच्या डोक्यात वेगळाच प्रश्न येईल. आज कुणी असं केलं तर? उत्तर त्या १९५८ च्या कायद्यात आहे. तुरुंगसुद्धा!

पदवीनंतर बार कौन्सिलची परीक्षा देऊन वकिली करता येते. विमान कंपन्या, हॉटेलं, यात्रा कंपन्या यांना करार तपासायला माणसं लागतात. पर्यटकांच्या बाजूने ग्राहक आयोगात उभं राहता येतं. तशी तिथे तक्रार करायला वकील लागतोच असं नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. मात्र घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते.

आमच्या बाबांची दोन वर्षं केव्हाच उलटून गेली. हाउसबोटीच्या फोटोचं ते पत्रक मात्र मी अजून जपून ठेवलं आहे.