कॅम्डेनला गेलात तर: पाहायचं काय, खायचं काय

दक्षिणेची सहल म्हटलं की आपल्याला तिरुपती आठवतं, रामेश्वर आठवतं. आज आम्ही बोलणार आहोत ते मात्र अमेरिकेतल्या दक्षिणेबद्दल. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत जाऊन चार-सहा महिने राहणाऱ्या आया आता खेड्यापाड्यांतूनही निघतात. तिकडे त्यांना मॉल दाखवतात, उंच इमारती दाखवतात. आमचं म्हणणं असं, की लेक अटलांटाच्या बाजूला असेल तर जावयाकडे दोन दिवस मागून घ्या आणि अलाबामा राज्यातल्या कॅम्डेनला जा. मोटारीनं चारेक तास लागतात. गाव दोनेक हजार वस्तीचं, शांत.

या भागाला ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणतात, म्हणजे काळा पट्टा. नाव पडलं ते काळ्या मातीवरून. माती काळी, म्हणून पीक कापसाचं, आणि तो पिकवायला आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं, गुलाम म्हणून. १८६१ ते १८६५ या काळात तिथं यादवी युद्ध झालं, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला एकदम भाव आला. आपलं त्या मातीशी नातं आहे ते असं.

कॅम्डेन हे जिल्ह्याचं ठिकाण. कोर्टाची जुनी खांबांची इमारत गावात उभी आहे, ती बाहेरून बघा. पण मुख्य पाहायचं आहे ते नदीपलीकडे. अलाबामा नदी तिथं मोठा वळसा घेते. त्या वळणात जीज बेंड नावाची वस्ती आहे, जेमतेम दोन-अडीचशे माणसांची. बहुतेक काळी कुटुंबं, आणि बऱ्याच जणांचं आडनाव पेटवे. पेटवे हा त्यांच्या पूर्वजांच्या मालकाचं आडनाव. गुलामी गेली, आडनाव राहिलं.

पलीकडे जायला फेरीबोट आहे, मोटारीसकट घेऊन जाते. या बोटीची हकीकत ऐकून मगच तिच्यात बसा. पलीकडच्या लोकांना मतदार यादीत नाव घालायचं तर कॅम्डेनलाच यावं लागे. १९६५ साल उजाडलं तरी या जिल्ह्यात एकाही काळ्या माणसाचं नाव यादीत नव्हतं, आणि वस्तीत जास्त तेच. लोक नाव नोंदवायला येऊ लागले तेव्हा, १९६२ मध्ये, बोटच बंद करण्यात आली. समोर दिसणाऱ्या गावाला जायला तासाभराचा वळसा पडू लागला. बोट पुन्हा सुरू झाली २००६ मध्ये. चव्वेचाळीस वर्षं! आता ती विजेच्या बॅटरीवर चालते.

पलीकडे उतरलं की पाहायच्या त्या गोधड्या. तिथं त्यांना क्विल्ट म्हणतात, पण बघताक्षणी तुम्ही गोधडीच म्हणाल. आपल्याकडे कुणी वाकळ म्हणतं, कुणी लेवा. आपण जुन्या लुगड्यांचे थर घालतो. त्या वर ठिगळांचा थर, आत कापूस आणि खाली अस्तर असं शिवतात. आतला कापूस वेचणीनंतर शेतात आणि जिनाच्या जमिनीवर उरलेला, झोडपून साफ केलेला. घरं फळ्यांची, फटींतून वारा येई म्हणून भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवत. थंडीत पोरांना निजवायचं तर गोधड्या लागतच. कापड म्हणजे कामाचे फाटके कपडे आणि पिठाच्या पिशव्या. मिसूरी पेटवे या बाईंनी १९४२ मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, त्याची आठवण अंगावर पांघरता यावी म्हणून. तिच्यातला गुडघ्यावर विटलेला कापडाचा तुकडा तसाच दिसतो.

नमुना कागदावर काढत नाहीत. मधे एक चौकोन, भोवती पट्ट्या लावत जायच्या, आणि कुठं रंग मोडायचा ते शिवणारी ठरवते.

आता पैशांचं. गटातल्या बायकांनी हे नीट ऐकावं. १९६६ मध्ये जीज बेंड आणि शेजारच्या वस्त्यांतल्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. फ्रान्सिस वॉल्टर नावाच्या पाद्र्यांनी गोधड्या न्यूयॉर्कच्या लिलावात नेल्या. एस्टेल विदरस्पून यांनी पुढं वर्षानुवर्षं संस्था सांभाळली. मोठ्या दुकानांच्या ऑर्डरी आल्या, बायकांच्या हाती स्वतःचा पैसा आला. पण दुकानाला प्रत्येक नग सारखा हवा, टाका सारखा हवा. ज्या हातांना मनासारखं जोडायची सवय, ते एकाच मापाची कामं करू लागले. आम्हाला यात कुणाची चूक दिसत नाही. रोजचा पैसाही हवाच होता.

पुढं २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात या गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या, मग न्यूयॉर्कला गेल्या. २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. किमती हजारो डॉलरांत गेल्या. मग प्रश्न आला, त्यातले शिवणारीला किती? २००७ मध्ये काही बायका नमुन्यांच्या हक्कासाठी कोर्टात गेल्या, पुढच्या वर्षी तडजोड झाली. म्हणून तिथं काही विकत घ्यायचंच झालं तर शिवणारीच्या हातून घ्या, आणि घासाघीस नको. एक गोधडी शिवायला किती दिवस जातात ते आपल्याला कुणी सांगायला नको. मोठी परवडली नाही तर बशीखाली ठेवायचा चौकोनही मिळतो. वस्तीतल्या रस्त्याकडेला गोधड्यांचे नमुने मोठ्या फळ्यांवर रंगवलेले आहेत, ते फुकट बघा. ऑक्टोबरमध्ये गोधड्या वाळवायचा उत्सव असतो, दोऱ्यांवर सगळीकडे गोधड्याच.

खाण्याचं ऐका. घरची आठवण येईल अशी कितीतरी मंडळी पानात भेटतात. चवळी आहे, भेंडी आहे, दोन्ही आफ्रिकेतून गेलेल्या. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी-भात आणि पालेभाजी खातात, वर्षभर पैसा टिकतो म्हणे. भेंडीचे काप मक्याच्या पिठात घोळवून तळतात. मक्याचं पीठ ताकात भिजवून बिडाच्या तव्यात भाजलेला जाड रोट म्हणजे कॉर्नब्रेड. गड्डा न धरणाऱ्या कोबीचा पाला, कॉलर्ड, तासन्‌तास शिजवतात आणि त्याच्या पाण्यात रोट बुडवून खातात. आपण आमटीत भाकरी कुस्करतो तसंच. सकाळी मक्याच्या कण्या, त्यांना ग्रिट्स म्हणतात. वाटेत उकडलेल्या शेंगा विकायला असतात, ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडलेल्या. त्यांच्यासाठी तरी गाडी थांबवाच. गोड म्हणून रताळ्याचा पाय. चहा मात्र बिनदुधाचा, बर्फ घातलेला, गोडमिट्ट.

माळकरी बायकांनी एक जपावं. पालेभाजी आणि चवळी दिसायला शाकाहारी, पण शिजवताना त्यात बहुधा डुकराच्या मांसाचा तुकडा टाकतात. वाढून घेण्याआधी विचारून घ्या, त्यांना राग येत नाही. मासे खाणारीनं तळलेला कॅटफिश मागवावा, मिशांचा मासा, काटा कमी.

रविवारी सकाळी गाव चर्चमध्ये असतं आणि बरीच हॉटेलं बंद असतात, तेव्हा शनिवार धरा. नदीला पाणी चढलं तर बोट थांबवतात. निघण्यापूर्वी लेकीला फोन करून विचारायला सांगा, आणि परतीची शेवटची फेरी किती वाजता ते उतरतानाच पाहून ठेवा. कॅम्डेनमध्ये ‘ब्लॅक बेल्ट ट्रेझर्स’ हे आसपासच्या कारागिरांच्या वस्तूंचं दुकान आहे. बोट चुकलीच, तर टोपल्या आणि मडकी बघत तिथं तास मजेत जाईल.