सत्तरीच्या हाती साडेसहाशे अश्वशक्ती

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा रस्ता कल्याणच्या शेजारी, भिवंडी तालुक्यात येऊन ठेपला. मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा देणारा रस्ता कल्याण-डोंबिवलीकरांच्या इतक्या जवळ याआधी कधीच नव्हता. तोवर महागडी, दणकट इंजिनाची एसयूव्ही घेतलेल्या माणसाचा दिवस दुर्गाडी पुलावर, पत्रीपुलाच्या चढावर नाहीतर शिळफाट्याच्या रांगेत जायचा. तिथे साडेसहाशे अश्वशक्तीची गाडी आणि शेजारची रिक्षा एकाच चालीने सरकतात. आता तीच गाडी थोड्या वेळात मोकळ्या रस्त्याला लागते आणि तिचं खरं बळ पहिल्यांदाच जागं होतं.

स्टिअरिंगवर पुष्कळदा साठी ओलांडलेला माणूस असतो. त्यात नवल नाही. दीड-दोन कोटींपासून चार कोटींपर्यंतची गाडी पंचविशीत घेणारे थोडेच. डोंबिवली एमआयडीसीत आयुष्यभर कारखाना चालवलेला उद्योजक, दवाखाना मुलाच्या हाती सोपवलेला डॉक्टर, कल्याण-डोंबिवलीलगतच्या सत्तावीस गावांतल्या वडिलोपार्जित जमिनीचं मोल उतारवयात हाती आलेला शेतकरी, बांधकाम व्यवसायातून बाजूला झालेले शेठ – यांच्याकडे पैसा आणि सवड दोन्ही एकदमच येतात. कुटुंबाला घेऊन कार्ल्याच्या एकवीरेला जायचं, मुरबाडवरून माळशेज चढायचा, नातवंडांना शिर्डी दाखवायची. ही हौस कष्टाने मिळवलेली आहे आणि तिच्याकडे आदरानेच पाहायला हवं.

या पिढीचा गाडीशी परिचय मात्र अगदी वेगळ्या यंत्रापासून सुरू झाला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणारी पद्मिनी १०८९ सीसीची, चाळीसेक अश्वशक्तीची. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, क्लच जड, ब्रेक दाबायला पायात जोर हवा. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तिचीही ताकद तेवढीच. कल्याण परिसरातल्या जुन्या लोकांना आणखी एक नाव आठवेल. प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी भागीदारी करून नव्वदच्या दशकाच्या मध्याला इथल्या कारखान्यात प्यूजो ३०९ ही मोटार बांधायला सुरुवात केली होती. संप आणि अंतर्गत अडचणींत तो प्रयोग काही वर्षांतच आटोपला. प्रीमियरचं नाव आज कल्याण-शिळ रस्त्यावर एका मैदानापुरतं उरलं आहे. पण त्या काळात परवाना काढलेले हात अजून गाडी चालवत आहेत.

त्यांच्या हाती आज जे येतं त्याचं एक उदाहरण पाहू. लॅम्बोर्गिनीची उरूस जानेवारी २०१८ मध्ये भारतात दाखल झाली, तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत ३ कोटी होती. चार लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, ६५० अश्वशक्ती, वजन सुमारे २२०० किलो आणि शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ३.६ सेकंदांत. पोर्शे केयेन, मर्सिडीज-एएमजी जी ६३, रेंज रोव्हर स्पोर्टच्या वरच्या आवृत्त्या याच घराण्यातल्या. हिशेब करून पाहिला तर ताशी १२० ने धावणाऱ्या उरूसमधली गतिज ऊर्जा ताशी ६० ने चाललेल्या पद्मिनीच्या जवळपास दहापट भरते. पद्मिनी साठच्या वेगाला थरथरून, आवाज करून चालकाला सावध करायची. उरूसच्या बंद काचांआड १२० चा वेग जाणवतसुद्धा नाही.

उतारवयात वेगवान गाडी चालवण्यातला मुख्य धोका इथे आहे. म्हातारपणी माणूस बेफाम होतो असं नाही. उलट तो बहुधा जास्त जपून चालवतो. पण जपायचं कधी, हे ज्या खुणांवरून त्याला कळायचं, त्या खुणा आरामदायी गाडीने पुसून टाकलेल्या असतात.

मग ही गाडी ज्येष्ठांनी घ्यावीच का? घेण्याची कारणं भक्कम आहेत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सेडानमध्ये खाली वाकून बसणं आणि उठताना अंग वर ओढणं हा रोजचा छळ असतो. एसयूव्हीची बैठक साधारण कमरेच्या उंचीला येते. माणूस नुसता बाजूला सरकला की आत. रेंज रोव्हरसारख्या गाड्यांत हवेचं सस्पेन्शन असल्याने चढ-उतार करताना गाडी स्वतःच काही सेंटिमीटर खाली बसते. जी-क्लास किंवा डिफेंडर मात्र चढावी लागते, म्हणून फूटबोर्ड आणि हाताला धरायची मूठ आधी तपासावी. उंचावरून रस्ता दूरवर दिसतो, मान फारशी वळत नसेल तर चहूबाजूंचे कॅमेरे मदतीला येतात, आणि खड्ड्यांतही कंबर शाबूत राहते. शेवटच्या मुद्द्याला एक अपवाद आहे. २२ इंची चाकांवरचे बुटके टायर दिसायला देखणे, पण पावसाळ्यातल्या आपल्या रस्त्यांवर तेच आधी फुटतात आणि हादराही थेट पाठीला पोहोचवतात. त्याच गाडीला लहान चाकं आणि जाड टायर मिळत असतील तर ज्येष्ठांनी तेच घ्यावेत.

शरीराकडे येऊ. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत ढोबळमानाने एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो, कारण बाहुली आकुंचते आणि भिंग पिवळट होतं. त्यात मोतीबिंदूची सुरुवात असली की समोरच्या एलईडी दिव्यांचा प्रकाश डोळ्यात पसरतो आणि ती झळ ओसरायला तरुणांपेक्षा जास्त वेळ लागतो. समृद्धीवर कसारा घाटात जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे. उन्हातून त्यात शिरताना आणि बाहेर पडताना डोळा जुळवून घेईपर्यंतचे क्षण वयाबरोबर लांबतात. ताशी १२० च्या वेगात गाडी सेकंदाला ३३ मीटर कापते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडायला दीडऐवजी दोन सेकंद लागले, तर तेवढ्यातच सतरा मीटर जास्त गेले, आणि ब्रेकचं काम त्यानंतर सुरू होतं. सर्वोत्तम ब्रेक बसवलेली गाडीसुद्धा हे सतरा मीटर परत देऊ शकत नाही.

पायांबद्दल घरात फारसं कुणी बोलत नाही, ते बोलायला हवं. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या तळपायांची संवेदना कमी होत जाते. पाय कोणत्या पेडलवर आहे आणि किती दाबला गेला, हे नीट कळत नाही. त्यातून या गाड्या सगळ्या ऑटोमॅटिक. चाळीस वर्षं डाव्या पायाने क्लच दाबलेला माणूस घाईच्या क्षणी डावा पाय आपटतो आणि तो रुंद ब्रेकवर पडतो. किंवा उजवा पाय गडबडीत ॲक्सिलरेटरवर जातो. चाळीस अश्वशक्तीत ती चूक भिंतीला खरचटून निभावते, साडेसहाशेत निभावत नाही. इन्सुलिन किंवा साखरेच्या काही गोळ्यांनी साखर अचानक उतरू शकते. सर्दीच्या, झोपेच्या गोळ्यांची गुंगी सकाळपर्यंत राहते. औषध बदललं की डॉक्टरांना ‘मी गाडी चालवतो’ हे आवर्जून सांगायला हवं.

जपानने या प्रश्नाची किंमत मोजली आहे. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर राहिला आणि एक आई आणि तिची लहान मुलगी प्राणाला मुकल्या. तिथे ७५ वर्षांवरच्यांना परवाना नूतनीकरणाआधी स्मरणशक्ती आणि आकलनाची चाचणी द्यावी लागते. त्याच वर्षी जानेवारीत इंग्लंडमध्ये ९७ वर्षांच्या प्रिन्स फिलिप यांची लँड रोव्हर सँडरिंगहॅमजवळ दुसऱ्या मोटारीला धडकून उलटली. सूर्याने डोळे दिपल्याचं त्यांनी सांगितलं. ते स्वतः बचावले, पण दुसऱ्या गाडीतल्या महिलेचं मनगट मोडलं. तीन आठवड्यांनी त्यांनी आपला परवाना स्वखुशीने परत केला.

आपल्याकडे काय आहे? २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानुसार ५५ वर्षांनंतर परवाना दर वेळी पाच वर्षांसाठीच मिळतो. चाळिशीनंतर डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १-अ लागतो. त्यात दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा किंवा बहिरेपणा आहे का, असे प्रश्न असतात. मुदत संपून वर्ष उलटलं असेल तरच पुन्हा चाचणी. म्हणजे वेळेवर अर्ज करणाऱ्या सत्तरीतल्या माणसाला कल्याणच्या एमएच ०५ कार्यालयात काय किंवा ठाण्याच्या एमएच ०४ मध्ये काय, गाडी चालवून दाखवावी लागत नाही. ही तपासणी अपुरी आहे. रात्रीची नजर, झळ सोसण्याची क्षमता, प्रतिसादाचा वेग यांचा त्यात समावेश व्हायलाच हवा. तो होईपर्यंत नेत्रतज्ज्ञाकडे दर वर्षी जाणं आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ‘अजून चालतंय’ म्हणून न ढकलणं, एवढं स्वतःच्या हातात आहे.

मागे बसणाऱ्यांचाही प्रश्न आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मर्सिडीजची एसयूव्ही कठड्याला धडकली. धडकेच्या पाच सेकंद आधी वेग ताशी १०० आणि धडकेच्या क्षणी ८९ होता, असं गाडीतल्या नोंदीवरून समोर आलं. पुढचे दोघे जखमी होऊन वाचले. मागे बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी दगावले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते. महागड्या गाडीच्या मागच्या सीटवर बहुधा घरातले सर्वांत थोरले बसतात आणि ‘मला गुदमरतं’ म्हणून पट्टा टाळतात. ठिसूळ झालेल्या हाडांना पट्ट्याची गरज जास्त असते, हे मुलांनी आई-वडिलांना पटवून द्यायलाच हवं.

या गाड्यांमधली साधनं ज्येष्ठांच्या खरोखर कामाची आहेत, मात्र ती शिकून घ्यावी लागतात. पुढे अडथळा दिसताच आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल, काचेवर वेग दाखवणारा हेड-अप डिस्प्ले. या डिस्प्लेचा खास फायदा असा की आकडे डोळ्यांपासून दोनेक मीटर पुढे असल्यासारखे दिसतात, त्यामुळे चाळिशीच्या चष्म्यातून खाली पाहावं लागत नाही. टचस्क्रीनचं उलट आहे. दूरच्या रस्त्यावरून जवळच्या पडद्यावर आणि पुन्हा रस्त्यावर नजर स्थिर व्हायला वयानुसार वेळ लागतो. युरोपच्या सुरक्षा चाचण्यांनी २०२६ पासून वायपर, इंडिकेटर, हॉर्न अशा गोष्टींना खरी बटणं असण्यावर भर दिला आहे, तो योग्यच आहे. घेताना बटणं मोजावीत. गाडी ताब्यात आली की वेगाचा इशारा ११० वर लावावा, स्पोर्ट मोड बाजूला ठेवून कम्फर्टमध्येच चालवावी आणि कंपनीच्या माणसाला पुन्हा घरी बोलावून सगळं दुसऱ्यांदा समजून घ्यावं.

खर्चाचं गणित सोपं नाही, पण घेणाऱ्याला ते ठाऊक असतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवर ४० टक्के जीएसटी आहे. त्यावर राज्याचा एकरकमी वाहन कर. १ जुलै २०२५ पासून त्याची कमाल मर्यादा २० वरून ३० लाख रुपये झाली.

जागेचा हिशेब मात्र शोरूममध्ये कुणी मांडून देत नाही. राज्याच्या बांधकाम नियमावलीत मोटारीसाठीची मोठी जागा अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब धरली आहे. उरूसची रुंदी आरसे सोडून २.०१६ मीटर आणि लांबी ५.११२ मीटर. खडकपाड्यातल्या किंवा मानपाड्यातल्या सोसायटीत, दोन्ही बाजूंना गाड्या रेषेला चिकटून उभ्या असताना, दार उघडायला प्रत्येक बाजूला पाव मीटरही उरत नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून उठलेला माणूस तेवढ्या फटीतून उतरू शकत नाही. म्हणून टेस्ट ड्राइव्ह घेताना गाडी एकदा घरी आणायला सांगावी, स्वतःच्या चष्म्यानिशी संध्याकाळच्या अंधारात ती आपल्या पार्किंगमध्ये लावून पाहावी, आणि सौभाग्यवतींनाही मागच्या दाराने उतरून बघायला सांगावं.