बहुरूपी नटाची संहिता : दिलीप प्रभावळकर

दिलीप प्रभावळकर (जन्म १९४४) यांच्या कारकिर्दीचा विचार 'नट' आणि 'लेखक' अशा दोन स्वतंत्र कप्प्यांत करण्याचा प्रघात आहे. दूरदर्शनवरील चिमणराव, 'अलबत्या गलबत्या'तील चेटकीण, 'चौकट राजा'तील (१९९१) नंदू आणि 'लगे रहो मुन्नाभाई'तील (२००६) गांधीजी या भूमिकांच्या वैविध्यापुढे त्यांचे लेखन हा नटाचा फावल्या वेळचा उद्योग मानला जातो. ही विभागणी तपासून घ्यावी लागते.

'हसवाफसवी' या नाटकात त्यांनी स्वतःसाठी सहा भूमिका लिहिल्या. वृद्ध गायकनट कृष्णराव हेरंबकर आणि दीप्ती लुकतुके यांच्यातील भेद रंगभूषेइतकाच बोलण्याच्या लयीचा आहे. पुढे पुष्कर श्रोत्री यांनी याच भूमिका साकारल्या. म्हणजेच ही पात्रे लेखकाच्या देहावर अवलंबून नव्हती, ती संहितेतच उभी होती.

'अनुदिनी'त हीच प्रक्रिया रंगमंचाविना घडते. दैनंदिनी लिहिणाऱ्याला स्वतःविषयी जे उमगते, त्याहून अधिक वाचकाला उमगते. विनोद आणि करुणा या अंतरातून निर्माण होतात. निवेदकाचा स्वर अखंड सांभाळणे, हे येथे भूमिका निभावण्यासारखेच आहे. या पुस्तकावरून २००१ मध्ये 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका सुरू झाली आणि आबांची भूमिका स्वतः लेखकाने केली. लिहिलेला स्वर असा पुन्हा नटाच्या कंठी आला.

विनोदी व सदरलेखनाला दुय्यम लेखणाऱ्या समीक्षेने या लेखनातील परकायाप्रवेशाची दखल घ्यावयास हवी. अन्यथा नटाचा गौरव होईल, पण त्याच्यातील लेखक अवाचित राहील.