साखळी-यंत्र: शेवटाकडून सुरुवात

मागच्या व्याख्यानात आपण तरफ, कप्पी आणि उतरण पाहिली. त्यानंतर बऱ्याच पालकांनी विचारलं, की मुलांना शाळेत साखळी-यंत्र करायला सांगितलंय, त्यावर बोला. म्हणजे गोटी घरंगळते, ती काडेपेट्यांची रांग पाडते, दोरा सुटतो, वजन खाली येतं आणि शेवटी पेला कलंडून कुंडीत पाणी पडतं. तर आज तेवढंच.

या यंत्रांना रूब गोल्डबर्ग यांचं नाव चिकटलंय. हे मूळचे सॅन फ्रान्सिस्कोचे. १९०४ साली इंजिनीअरिंगची पदवी घेतली, थोडा काळ शहराच्या पाणी-सांडपाणी खात्यात नोकरी केली आणि मग व्यंगचित्रांकडे वळले. तोंड पुसण्यासारखं साधं काम दहा वाकड्या वाटांनी करणारी यंत्रं त्यांनी काढली. पण कागदावर! कागदावरचा पोपट दर वेळी वेळेवर उडी मारतो. आपल्या गोटीचं तसं नाही.

आमचाच अनुभव सांगतो. आठवीच्या चार मुलींबरोबर आम्ही दहा टप्प्यांचं यंत्र केलं होतं. वर्गात चाललं. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये टेबल एका बाजूला किंचित कललेलं होतं, गोटी वळणावरच थांबली. पुन्हा मांडलं, तर वरच्या पंख्याने रिकाम्या काडेपेट्या पाडल्या. परीक्षक तिसऱ्यांदा थांबले नाहीत. त्यांना पुढची टेबलं बघायची होती. परतताना एक मुलगी म्हणाली, "सर, आमचं विज्ञान कच्चं आहे ना?" कच्चं होतं ते आमचं शिकवणं. एक हिशोब आम्ही त्यांना सांगितलाच नव्हता.

तो हिशोब असा. समजा, प्रत्येक टप्पा दहापैकी नऊ वेळा चालतो. ऐकायला छान वाटतं. पण साखळीत सगळे टप्पे एकापाठोपाठ चालावे लागतात, म्हणून ०.९ ला ०.९ ने दहा वेळा गुणत जायचं. उत्तर येतं सुमारे ०.३५. म्हणजे तीन प्रयत्नांत एकदा! टप्पे वीस केले तर जेमतेम १२ टक्के. उलट, प्रत्येक टप्पा शंभरात ९९ वेळा चालत असेल तर दहा टप्प्यांचं यंत्र ९० टक्के वेळा चालेल. म्हणून नवा टप्पा जोडण्याआधी जुना पक्का करा. प्रत्येक जोड सुटा काढून वीस वेळा चालवा आणि वहीत नोंद ठेवा. विसांपैकी वीस वेळा चालला तरी हुरळून जाऊ नका, कारण दहात एकदा फसणारा टप्पासुद्धा १२ टक्के वेळा ही परीक्षा पास होतो. तोच आकडा, बघा.

दुसरी गोष्ट ऊर्जेची. मुलं काय करतात, एक गोटी दुसरीला धडकवतात, दुसरी तिसरीला. दर धडकेत आणि घर्षणात थोडी ऊर्जा आवाज नि उष्णता होऊन निघून जाते, आणि पाचव्या गोटीपाशी साखळी मरते. मग ती जिवंत कशी ठेवायची? प्रत्येक टप्प्यात आधीच ऊर्जा साठवून. उभी काडेपेटी, उंचावर टांगलेलं वजन, ताणलेलं रबर, ही सगळी साठवण आहे. आधीच्या टप्प्याने फक्त कडी काढायची. डोमिनो तर आपल्यापेक्षा दीडपट मोठा डोमिनो पाडू शकतो. १९८३ साली लॉर्न व्हाइटहेड यांनी अशी तेरा डोमिनोंची रांग करून दाखवली होती. पहिला एक सेंटिमीटरहूनही बुटका! उंची, रुंदी, जाडी सगळं दीडपट, म्हणजे वजन सव्वातीनपटीहून जास्त आणि साठवलेली ऊर्जा दर पायरीला सुमारे पाचपट.

आता रचना. ती शेवटाकडून करायची. आधी पेला ठेवा. त्याला दोरा बांधून कप्पीवरून घ्या, दुसऱ्या टोकाला प्लास्टिकचा कप टांगा आणि त्यात एकेक रुपयाची नाणी टाकत जा. समजा, बाराव्या नाण्याला पेला कलंडला. तर यंत्रात चोवीस नाण्यांएवढं वजन लावायचं, दुप्पट. मग ते वजन धरून ठेवणारी कडी, मग ती कडी ओढणारी वस्तू, असं मागे मागे यायचं. गोटी सगळ्यात शेवटी. मुलांना हे आवडत नाही, त्यांना गोटी आधी सोडायची असते. सोडू द्या थोडा वेळ!

टेबलावर विश्वास ठेवू नका. सगळं एकाच प्लायच्या फळीवर पक्कं करा, फळीखाली चार कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे तुकडे सरकवून पातळी साधा. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. काडेपेट्यांत वाळू भरा, म्हणजे पंखा काही करणार नाही. पण वाळू भरल्यावर तो टप्पा पुन्हा वीस वेळा तपासा, कारण आता त्या पाडायला जास्त धक्का लागेल.

(श्रोत्यांतून प्रश्न: किती टप्पे ठेवावेत?)

शाळेने आकडा दिला नसेल तर सहा. आणि घड्याळ लावून बघा, पूर्ण यंत्र पुन्हा मांडायला किती वेळ लागतो. त्या मुलींनी पुढच्या वर्षी सहा टप्प्यांचं केलं, मांडणी तीन मिनिटांत व्हायची. पहिल्या वेळी दोरा अडकला. त्यांनी परीक्षकांना वही हातात दिली, आणि ते नोंदी वाचेपर्यंत यंत्र पुन्हा तयार होतं.