मक्याला चिमूटभर खत, पण मुळाशी

माळाच्या हलक्या जमिनीत मका येत नाही, असे पुष्कळ जण म्हणतात. मका खादाड पीक आहे, हे खरे. आणि हलक्या जमिनीच्या कणगीत शिल्लक थोडी. मग आपण काय करतो? युरियाच्या दोन गोण्या आणतो आणि एका दिवसात शेतभर फेकून मोकळे होतो. आठ दिवस पीक हिरवेगार दिसते. मोठा पाऊस पडला, की पुन्हा पिवळे. खत गेले, पैसे गेले. उधारी मात्र दुकानदाराच्या वहीत राहिली!

खत गेले कुठे? युरिया पाण्यात साखरेसारखा विरघळतो. हलकी जमीन म्हणजे मोठ्या भोकांची चाळण. जोराच्या पावसात खत पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जाते. पाऊस नसला आणि युरिया ओल्या मातीवर उघडा राहिला, तर त्याचा वायू होऊन हवेत उडतो. उरलेल्यात तण वाटेकरी. मक्याच्या तोंडी काय लागणार?

म्हणून आम्ही सांगतो, खत थोडे थोडे घाला, वेळेवर घाला आणि मुळाजवळ घाला.

आता हिशोब करू. महाराष्ट्रात मक्याला साधारणपणे एकरी ४८ किलो नत्र, २४ किलो स्फुरद आणि १६ किलो पालाश द्यावे, अशी शिफारस आहे. गोणीवरचे आकडे आता तुम्हाला वाचता येतात. युरियाच्या गोणीवर ४६ असते. म्हणजे १०० किलो युरियात ४६ किलो नत्र. डीएपीवर १८-४६-० असते. म्हणजे १८ नत्र, ४६ स्फुरद, पालाश शून्य.

पेरताना एकरी ५० किलो डीएपी, २७ किलो पोटॅश आणि १५ किलो युरिया द्या. खत बियाच्या बाजूला तीन बोटे अंतरावर, थोडे खोल पडावे. बियाला चिकटले तर कोंब करपतो. पुढे ३० दिवसांनी ३५ किलो युरिया आणि ४० ते ४५ दिवसांनी आणखी ३५ किलो.

३५ किलो पुरेल का? पाहा. दोन ओळींत दोन फूट आणि दोन झाडांत वीतभर अंतर ठेवले, तर एकरात सुमारे ३३,००० ताटे बसतात. एका ताटाच्या वाट्याला जेमतेम एक ग्रॅम, म्हणजे लहानशी चिमूट. आधी खुरपणी करा. वाफसा असू द्या. एकाने ताटापासून चार बोटांवर काठीने भोक पाडावे, दुसऱ्याने चिमूट टाकून पायाने माती लोटावी. पोंग्यात खत पडू देऊ नका. मोठा पाऊस येणार असे दिसले, तर थांबा. काम जास्त पडते खरे, पण खत वाया जात नाही.

एवढेही परवडत नसेल तर? आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात कोरडवाहू भागात रेताड जमिनी पुष्कळ आहेत. पाऊस बेभरवशाचा, शेतकरी गरीब. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या ‘इक्रिसॅट’ या शेती-संशोधन संस्थेने २००३-०४ सालापासून तिथे शेतकऱ्यांच्याच रानात प्रयोग केले. माप कोणते? बाटलीचे पत्र्याचे टोपण! तीन ताटांना एक टोपण अमोनियम नायट्रेट. हे नत्र नेहमीच्या शिफारशीच्या पाव हिश्श्याएवढेच. तरी धान्य ३० ते ५० टक्क्यांनी वाढले.

पीकही आपली भूक सांगते बरं का. खालची पाने शेंड्याकडून मधल्या शिरेने पिवळी पडली, तर नत्र कमी. लहान रोप जांभळट दिसले, तर स्फुरद कमी. खालच्या पानांच्या कडा करपल्या, तर पालाश कमी. पण पेरणीआधीच माती तपासून घेणे उत्तम. २०१५ साली सरकारने त्यासाठी मृदा आरोग्य पत्रिका सुरू केली. तिच्यातले आकडे पाहून खत कमी-जास्त करा.

मात्र नुसत्या चिमटीवर जमीन कायम चालत नाही. दरसाल शेणखत, कंपोस्ट घाला. त्याने चाळणीची भोके बुजतात. ओल टिकते आणि खतही टिकते.

सगळे शेत एकदम बदलू नका. यंदा चार ओळींना नेहमीसारखे खत फेका, शेजारच्या चार ओळींना चिमटीने घाला. कणसे वेगवेगळी तोला आणि वजन वहीत लिहून ठेवा. आमच्या सांगण्यापेक्षा तुमचा तराजू सांगेल ते खरे.